शेवाळलेला तलाव आणि टिकणारे क्लोरीन

लोणावळा, कर्जत, अलिबाग, पाचगणी किंवा गोवा या भागांतील बंगल्यांच्या आवारात बांधलेले खासगी जलतरण तलाव बहुधा सुट्टीच्या दिवसांपुरतेच वापरले जातात. मालक मुंबई-पुण्यात, देखभाल माळ्याकडे किंवा रखवालदाराकडे आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पंप बंद, अशी व्यवस्था असेल तर दिवाळीच्या तोंडावर तलाव पाहायला गेलेल्या मालकाला तळ दिसत नाही. दिसते ते गर्द हिरवे पाणी, कडेच्या फरशांवरची बुळबुळ आणि पृष्ठभागावर कुजत पडलेला पालापाचोळा. अशा वेळी तीन उपाय सर्रास केले जातात: मूठभर मोरचूद टाकणे, ब्लीचिंग पावडरची गोणी एकदाच रिकामी करणे, किंवा सगळे पाणी उपसून तलाव नव्याने भरणे. यांपैकी पहिल्याने डाग पडतात, दुसऱ्याने चार दिवसांत शेवाळ परत येते आणि तिसऱ्याने प्रसंगी तलावाचे बांधकामच धोक्यात येते. शेवाळ मारणे तुलनेने सोपे असते. ते मरेपर्यंत आणि मेल्यानंतरही पुरेसे क्लोरीन पाण्यात टिकवून ठेवणे हे खरे काम असते, आणि पुढील सर्व पायऱ्या त्या एका कामाभोवती बेतलेल्या आहेत.

पाणी हिरवे का होते

शेवाळाचे सूक्ष्म बीजाणू वारा, पाऊस, पक्षी आणि पोहणाऱ्यांचे कपडे यांच्याबरोबर प्रत्येक तलावात येतच असतात, त्यामुळे त्यांचा प्रवेश रोखणे शक्य नसते. पाण्यात मुक्त क्लोरीन, म्हणजे अजून कशाशीही संयोग न पावलेले आणि म्हणून जंतूंवर काम करण्यास मोकळे असलेले क्लोरीन, पुरेसे असेल तर हे बीजाणू वाढण्यापूर्वीच मरतात. ते संपले की सूर्यप्रकाश, ऊब आणि पाण्यातील नत्र-स्फुरद यांच्या जोरावर शेवाळ काही दिवसांतच पाणी व्यापते. आंब्या-जांभळाची कुजलेली पाने आणि बागेतून वाहून आलेले खताचे पाणी ही या नत्र-स्फुरदाची नेहमीची वाट असते.

क्लोरीन संपले की पाणी किती झपाट्याने पालटते याचे प्रसिद्ध उदाहरण २०१६ सालच्या रिओ ऑलिंपिकमध्ये दिसले. तेथील मारिया लेंक जलक्रीडा केंद्रातील सूर मारण्याच्या स्पर्धेचा तलाव ऐन स्पर्धेत हिरवागार झाला. काही दिवसांपूर्वी एका कंत्राटदाराने त्यात ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले होते आणि त्याने पाण्यातील क्लोरीन निष्प्रभ केले होते, असा खुलासा आयोजकांनी नंतर केला. सदैव तज्ज्ञांच्या नजरेखाली असलेल्या तलावाची ही गत झाली, तर चार महिने बंद पडलेल्या तलावाचे पाणी हिरवे होण्यात नवल काही नाही.

काम सुरू करण्यापूर्वी

गढूळ तलावाचा पहिला धोका बुडण्याचा असतो, कारण तळ दिसत नसेल तर पाण्याखाली गेलेली व्यक्तीही दिसत नाही. म्हणून साफसफाई पूर्ण होईपर्यंत तलावाभोवती अडसर उभारावा, मुले आणि पाळीव जनावरे यांना तिकडे फिरकू देऊ नये आणि कामावरील माणसाने एकट्याने काम करू नये. दुसरा धोका विजेचा असतो. पावसाळ्यात पंपघरात पाणी किंवा ओल शिरलेली असू शकते, त्यामुळे मोटर आणि पाण्याखालचे दिवे यांचे अर्थिंग तसेच गळती होताच वीज तोडणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी, वायरमनकडून तपासून घेतल्याखेरीज बटण दाबू नये. पालापाचोळ्याच्या ढिगात आणि गाळणीच्या टोपलीत बेडूक, विंचू किंवा साप दडलेला असू शकतो, म्हणून तेथे उघडा हात घालू नये.

डासांचा प्रश्न तर शेजाऱ्यांपर्यंत पोहोचतो. भारतातील शहरी हिवतापाचा मुख्य वाहक असलेला ॲनोफिलीस स्टीफेन्सी हा डास टाक्या, विहिरी आणि वापरात नसलेले तलाव अशा साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्ड परिसरात २००७ साली गृहकर्जे थकून अनेक घरे ओस पडली, तेव्हा त्यांच्या परसातील हिरव्या पडलेल्या तलावांत डासांची पैदास झाली आणि त्याच वर्षी तेथे वेस्ट नाइल विषाणूचे रुग्ण वाढले. तलाव लगेच साफ करणे शक्य नसेल तर नगरपालिकेच्या किंवा आरोग्य विभागाच्या हिवताप कार्यालयाकडून गप्पी मासे आणून तात्पुरते सोडावेत, आणि क्लोरीन टाकण्यापूर्वी ते जाळीने काढून दुसऱ्या बंदिस्त टाकीत हलवावेत. नदी-ओढ्यात मात्र ते सोडू नयेत, कारण तेथील मूळ मासे आणि अन्य जलचर यांच्या जगण्यावर हे परके मासे आक्रमण करतात.

पाणी उपसावे की राखावे

‘सगळे पाणी काढून टाका’ हा सल्ला सरळ वाटतो, पण जमिनीत बांधलेल्या तलावाच्या बाबतीत तो विचारपूर्वकच मानावा. भरलेल्या तलावातील पाण्याचे वजन भोवतालच्या भूजलाचा दाब तोलून धरते. पाणी काढले की तो तोल बिघडतो आणि भूजलाची पातळी वर असेल तर रिकामे भांडे पाण्यावर तरंगावे तसा तलावाचा सांगाडा वर उचलला जातो, फरशा सुटतात किंवा तळाला तडे जातात. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल असलेल्या तलावात सुमारे ४५ घनमीटर, म्हणजे ४५,००० लिटर पाणी मावते; असा तलाव रिकामा असताना भूजल कठड्यापर्यंत चढले तर त्याला वर ढकलणारे बल ४५ टनांच्या पुढे जाते. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात व त्यानंतरचे काही आठवडे विहिरी काठोकाठ भरलेल्या असतात, तेव्हा पूर्ण उपसा टाळणेच शहाणपणाचे ठरते, आणि फायबरचे सांगाडे वजनाने हलके असल्यामुळे त्यांच्या बाबतीत ही दक्षता अधिकच घ्यावी लागते.

तीन परिस्थितींत पाणी बदलण्याचा विचार करावा: तळाशी गाळाचा जाड थर साचून तो पाण्याखालून काढणे अशक्य झाले असेल, पुढे सांगितलेला स्थिरक प्रमाणाबाहेर वाढला असेल, किंवा पाण्यात सांडपाणी अथवा मेलेले जनावर पडले असेल. तेव्हाही भूजल खाली गेल्यानंतर, शक्यतो उन्हाळ्याच्या सुरुवातीला आणि टप्प्याटप्प्याने, एका वेळी एक-तृतीयांश पाणी काढून तेवढेच भरत हे काम करावे. टँकरचे पाणी विकत घ्यावे लागणाऱ्या भागात तर आहे ते पाणी सुधारणे खर्चाच्या दृष्टीनेही परवडते.

गाळ आणि गाळणयंत्रणा

क्लोरीनचा पहिला घास सेंद्रिय कचरा असतो, म्हणून पाने, फांद्या आणि गाळ काढण्यापूर्वी टाकलेले क्लोरीन शेवाळापर्यंत पोहोचण्याआधीच खर्ची पडते. लांब दांड्याच्या खोल जाळीने तळ हळूहळू खरवडत पाने बाहेर काढावीत. पाणी ढवळले जाऊन काही काळ अधिकच काळपट दिसेल, त्याने घाबरून जाऊ नये. मोठा कचरा निघाल्यावर उरलेला बारीक गाळ तळ शोषण्याच्या नळीने ओढून थेट बाहेर सोडावा, वाळूच्या गाळणीतून जाऊ देऊ नये, कारण तसे केल्यास गाळणी तासाभरात तुंबते.

भारतातील बहुतेक खासगी तलावांना वाळूची गाळणी असते. तिच्यावरील बहुमार्गी झडपेवर गाळणे, उलट धुलाई, खंगाळणे, थेट विसर्ग, नुसते फिरवणे आणि बंद अशा स्थिती असतात. पंप चालू असताना ही झडप कधीही फिरवू नये, कारण आतील रबरी पट्टी फाटते आणि मग न गाळलेले पाणी तलावात परत येत राहते. धुतलेल्या गाळणीवरील दाबमापकाचा आकडा लिहून ठेवावा आणि तो ८ ते १० पीएसआयने, म्हणजे अर्ध्या बारहून थोडा अधिक, वाढला की उलट धुलाई करावी, म्हणजेच पाणी उलट दिशेने सोडून वाळूत अडकलेली घाण बाहेर काढावी. काचेच्या नळीत पाणी स्वच्छ दिसू लागल्यावर अर्धा मिनिट खंगाळून मग गाळणे सुरू करावे. शेवाळ मरत असताना ही धुलाई दिवसातून दोन-तीनदाही करावी लागते, आणि या काळात पंप अहोरात्र चालू ठेवणे आवश्यक असते. वीज वारंवार जाणाऱ्या गावी पाणी फिरणे थांबताच क्लोरीनचे वाटप असमान होते, म्हणून वीज परत आल्यावर प्रथम पाणी फिरवून नंतरच मोजमाप घ्यावे.

तपासणी: काय मोजावे आणि कशाला फसू नये

पाण्यातील घटकांचे प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे दशलक्ष भागांत किती भाग असे सांगितले जाते. पाण्याच्या बाबतीत १,००० लिटरमध्ये १ ग्रॅम म्हणजे १ पीपीएम हे समीकरण लक्षात ठेवले की सर्व हिशेब सोपे होतात. प्रथम पाणी खरोखर शेवाळानेच हिरवे आहे याची खात्री करावी. पांढऱ्या बादलीत तलावाचे पाणी घेऊन त्यात थोडे द्रव क्लोरीन घालावे: हिरवा रंग काही वेळात फिकट होऊन पाणी पांढुरके दिसू लागले तर कारण शेवाळ असते, पाणी पारदर्शकच राहून हिरवट झाक टिकली तर तांब्याचा, आणि पाणी तांबूस-तपकिरी झाले तर लोहाचा संशय घ्यावा. जांभ्या दगडाच्या मुलखातील विहिरींच्या किंवा कूपनलिकांच्या पाण्यात लोह असेल तर ही शेवटची शक्यता ध्यानात ठेवावी.

त्यानंतर चार गोष्टी मोजाव्यात. पहिली सामू, म्हणजेच पीएच, जो पाण्याची आम्लता किंवा विम्लता दाखवतो. दुसरी एकूण क्षारता, म्हणजे सामूला चटकन हलू न देणारी पाण्याची क्षमता. ती ८० ते १२० पीपीएमच्या दरम्यान असावी आणि कमी असल्यास खाण्याच्या सोड्याने वाढवावी. उदाहरणातील तलावाची क्षारता १० पीपीएमने वाढवण्यास सुमारे पाऊण किलो सोडा लागतो. तिसरी मुक्त आणि संयुक्त क्लोरीन; घाम, मूत्र किंवा कुजलेल्या पदार्थांतील नत्राशी जखडले गेलेले क्लोरीन ते संयुक्त क्लोरीन, आणि तलावाला येणारा नाक झोंबणारा ‘क्लोरीनचा वास’ प्रत्यक्षात याच जखडलेल्या क्लोरीनचा असतो. चौथी सायन्युरिक आम्ल, ज्याला बाजारात स्टॅबिलायझर आणि येथे स्थिरक म्हटले आहे.

मोजमापाची साधनेही पारखून घ्यावीत. ग्रामपंचायतींच्या पाणीपुरवठ्यात वापरल्या जाणाऱ्या क्लोरोस्कोपमधील ऑर्थोटोलिडिनच्या चाचणीत पाणी पिवळे होते, पण ती चाचणी मुक्त आणि संयुक्त क्लोरीन वेगळे करून दाखवत नाही, म्हणून या कामासाठी गुलाबी रंग देणारी डीपीडी चाचणी घ्यावी. तिच्यातही एक चकवा असतो: क्लोरीन फारच जास्त असले तर गुलाबी रंग उमटताच विरून जातो आणि पाण्यात क्लोरीन नाहीच असा समज होतो. तसा संशय आल्यास नमुना क्लोरीन नसलेल्या पाण्यात पाचपट विरल करून पुन्हा तपासावा आणि आलेला आकडा पाचने गुणावा. वाढलेल्या क्लोरीनमध्ये सामूची रंगचाचणीही चुकीचा, बहुधा जास्तीचा आकडा दाखवते. म्हणून सामू क्लोरीन वाढवण्यापूर्वीच जुळवून घ्यावा.

सामू आधी का

क्लोरीन पाण्यात दोन रूपांत राहते. हायपोक्लोरस आम्ल हे त्याचे जोमदार रूप शेवाळाच्या पेशीत शिरून तिचा नाश करते, तर हायपोक्लोराइट हे दुसरे रूप त्या मानाने फारच मंद असते. नुसत्या पाण्यात सामू ७.२ असताना सुमारे दोन-तृतीयांश क्लोरीन जोमदार रूपात असते, ७.५ ला सुमारे निम्मे आणि ८ ला जेमतेम पाव. म्हणजे तेवढेच क्लोरीन टाकूनही सामू चढलेल्या तलावात त्यातील मोठा भाग निजलेलाच राहतो. शेवाळ वाढताना पाण्यातील कार्बन डायऑक्साइड वापरून टाकते आणि त्यामुळे हिरव्या तलावाचा सामू बहुधा वर गेलेला असतो, म्हणून तो ७.२ च्या आसपास उतरवून मगच पुढे जावे. त्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात; ४५,००० लिटरच्या तलावात एका वेळी पाव लिटरपेक्षा अधिक न घालता, पंप चालू असताना, पाण्याच्या परतीच्या तोटीसमोर पातळ धारेने ते सोडावे आणि काही तासांनी पुन्हा मोजून गरज असल्यास पुढची मात्रा द्यावी. न्हाणीघर धुण्यासाठी मिळणारे पिवळसर आम्ल या कामी टाळावे, कारण त्यात लोह असू शकते.

क्लोरीनची मात्रा आणि ती टिकवणे

उघड्या उन्हात, स्थिरक नसलेल्या पाण्यातील बहुतेक क्लोरीन दोन-तीन तासांत नाहीसे होते. स्थिरक क्लोरीनला सैलसर धरून ठेवतो आणि उन्हापासून वाचवतो, पण धरून ठेवलेले क्लोरीन तेवढ्या वेगाने कामही करत नाही. म्हणून स्थिरक जितका जास्त, तितके मुक्त क्लोरीनही जास्त ठेवावे लागते. व्यवहारात उपयोगी पडणारा ठोकताळा असा की शेवाळ मारताना मुक्त क्लोरीन स्थिरकाच्या सुमारे ४० टक्के असावे: स्थिरक ३० पीपीएम असेल तर १२, ५० असेल तर २०. स्थिरक १०० च्या पुढे गेला असेल तर ४० पीपीएमहून अधिक क्लोरीन सतत टिकवावे लागेल, जे महागडे आणि अव्यवहार्य असते. तेथे आधी पाण्याचा काही भाग बदलणे हाच मार्ग उरतो, कारण स्थिरक उन्हाने किंवा नेहमीच्या गाळण्याने कमी होत नाही.

येथेच रसायनाची निवड महत्त्वाची ठरते. टीसीसीए या नावाने मिळणाऱ्या वड्या किंवा भुकटी म्हणजे ट्रायक्लोरो आयसोसायन्युरिक आम्ल, ज्यातून प्रत्येक १० पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ६ पीपीएम स्थिरकही पाण्यात जातो. रोज २ पीपीएम क्लोरीन या मार्गाने दिले आणि पाणी बदलले नाही तर तीन महिन्यांत १०० पीपीएमहून अधिक स्थिरक साठतो. वर्षानुवर्षे केवळ वड्यांवर चाललेला तलाव ‘क्लोरीन टाकूनही’ हिरवा होतो त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. म्हणून शेवाळ मारण्यासाठी स्थिरकविरहित क्लोरीन निवडावे. द्रव सोडियम हायपोक्लोराइट साधारण १० टक्के तीव्रतेचे मिळते, पण उन्हात ठेवलेल्या कॅनमधील तीव्रता आठवड्यागणिक घटते. कॅल्शियम हायपोक्लोराइटमध्ये सुमारे ६५ टक्के क्लोरीन उपलब्ध असते. महाराष्ट्रात टीसीएल म्हणून ओळखली जाणारी ब्लीचिंग पावडर ताजी असताना सुमारे ३३ टक्के देते, पण तिच्यातील न विरघळणारा चुना पाणी गढूळ करतो, म्हणून ती बादलीभर पाण्यात कालवून, साका खाली बसू देऊन वरची निवळच तलावात सोडावी.

उदाहरणातील तलावात स्थिरक ३० पीपीएम आणि मुक्त क्लोरीन शून्य असेल, तर १२ पीपीएमसाठी ४५ गुणिले १२, म्हणजे ५४० ग्रॅम क्लोरीन लागेल. ते द्रव हायपोक्लोराइटच्या सुमारे साडेपाच लिटरमधून, कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या सव्वाआठशे-साडेआठशे ग्रॅममधून किंवा ताज्या ब्लीचिंग पावडरच्या साधारण १.६५ किलोमधून मिळते. पहिली मात्रा सूर्यास्तानंतर द्यावी, जेणेकरून रात्रभर ऊन क्लोरीन खाणार नाही.

या टप्प्यानंतर बहुतेक जण थांबतात आणि तेथेच चूक होते. हिरव्या पाण्यात १२ पीपीएम क्लोरीन एका तासात ३ वर उतरू शकते, कारण ते शेवाळ आणि कुजका कचरा जाळण्यात खर्च होत असते; दीर्घकाळ पडून राहिलेल्या तलावात जिवाणूंनी स्थिरकाचे विघटन करून अमोनिया तयार केला असेल तर पहिल्या काही मात्रा मिनिटांत गायब झाल्यासारख्या वाटतात. अशा वेळी मात्रा निष्फळ ठरली असे न मानता, पहिल्या दिवशी दर एक-दोन तासांनी मोजून क्लोरीन पुन्हा ठरलेल्या आकड्यावर आणावे आणि पुढील दिवसांत सकाळ, दुपार आणि संध्याकाळ असे मोजमाप चालू ठेवावे. एकदाच दिलेली मोठी मात्रा शेवाळाचा वरचा थर मारते, पण फरशांच्या सांध्यांत, शिडीच्या मागे आणि दिव्यांच्या खोबणीत उरलेले शेवाळ क्लोरीन उतरताच पुन्हा फोफावते. म्हणूनच क्लोरीनबरोबर दिवसातून एकदा भिंती, पायऱ्या आणि कोपरे ब्रशने घासावेत, कारण शेवाळाचा बुळबुळीत थर मोडला तरच क्लोरीन आतपर्यंत पोहोचते.

रसायने हाताळताना

टीसीएल आणि टीसीसीए ही नावे ऐकायला सारखी असली तरी ती रसायने एकमेकांची वैरी आहेत. ती कोरड्या स्वरूपात एकत्र आली आणि त्यांना ओल लागली तर जोरदार उष्णता निर्माण होऊन आग लागू शकते किंवा स्फोट होऊ शकतो. दोहोंसाठी एकच माप, एकच बादली किंवा एकच तरंगते यंत्र कधीही वापरू नये. कोणतेही क्लोरीन आम्लाच्या संपर्कात आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या खोल्यांत, सावलीत आणि हवेशीर जागी ठेवावीत आणि तलावातही त्यांच्या मात्रांमध्ये काही तासांचे अंतर ठेवावे. नेहमी पाण्यात रसायन घालावे, रसायनावर पाणी ओतू नये. रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. देखभाल माळ्याकडे असेल तर डब्यांवर मराठीत ठळक चिठ्ठ्या लावून ही माहिती त्याला समजावून द्यावी, कारण अशा अपघातांत पहिली इजा त्यालाच होते.

मोरचुदाचा मोह

द्राक्ष आणि सुपारीच्या बागांत बोर्डो मिश्रणासाठी वापरले जाणारे मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, स्वस्त आणि सहज उपलब्ध असल्यामुळे तलावातही टाकले जाते, आणि तांबे शेवाळाला मारक असल्यामुळे प्रारंभी त्याचा परिणामही दिसतो. परंतु तांबे क्लोरीनसारखे खर्च होऊन निघून जात नाही. प्रत्येक मात्रेगणिक ते साठत जाते, सामू चढला की भिंतींवर निळसर-हिरवे किंवा काळे डाग धरते आणि फिकट किंवा रंगवलेल्या केसांना हिरवी झाक आणते. शिवाय ते जंतूंविरुद्ध क्लोरीनची जागा घेऊ शकत नाही आणि असे पाणी ओढ्यात सोडल्यास माशांना घातक ठरते. मोरचूद टाकून निवळलेला तलाव पोहण्यास सुरक्षित झाला, हा समज म्हणूनच सोडून द्यावा.

हिरव्यातून पांढुरक्याकडे

उपचार लागू पडत असल्याची पहिली खूण म्हणजे गर्द हिरवे पाणी फिकट हिरवे, मग राखट-निळसर आणि शेवटी दुधासारखे पांढुरके होणे. हा गढूळपणा मेलेल्या शेवाळाचा असतो आणि तो काढण्याचे काम क्लोरीनचे नसून गाळणीचे असते. या टप्प्याला दोन-चार दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो आणि तो गाळणीच्या क्षमतेवर अवलंबून असतो.

घाई असेल तर तुरटीचा उपाय आहे. गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्याचा घरगुती उपाय ज्या तत्त्वावर चालतो तेच येथे लागू पडते: तुरटीतील ॲल्युमिनियमचे चिकट पुंजके तयार होतात, बारीक कण त्यांना चिकटतात आणि जड होऊन तळाशी बसतात. तलावात टाकण्यापूर्वी चार बादल्यांत वेगवेगळी मात्रा घालून कोणत्या बादलीत पाणी लवकर निवळते ते पाहावे आणि त्या प्रमाणात हिशेब करावा. तुरटी विरघळवून पाण्यात सर्वत्र शिंपडावी, झडप नुसते फिरवण्याच्या स्थितीत ठेवून थोडा वेळ पाणी हलवावे आणि नंतर पंप रात्रभर बंद ठेवावा. सकाळी तळाशी बसलेला मऊ थर शोषनळीने अतिशय सावकाश ओढून थेट बाहेर सोडावा. तो गाळणीत गेला तर वाळूचे ढेकूळ बनते. तुरटीने सामू आणि क्षारता उतरतात, त्यामुळे नंतर दोन्ही पुन्हा मोजावीत.

हट्टी प्रकार

सावलीतील भिंतीवर पिवळसर धुळीसारखा थर दिसतो आणि ब्रश लागताच तो धुरासारखा उडतो, ते पिवळे शेवाळ असते. ते ब्रश, जाळी आणि पोहण्याच्या कपड्यांना चिकटून पुन्हा तलावात येते. म्हणून साधनेही क्लोरीनच्या पाण्यात बुडवून घ्यावीत आणि इतर शेवाळ संपल्यावरही एक दिवस क्लोरीन ठरल्याहून वर ठेवावे. फरशांच्या सांध्यांत रुतलेले काळे ठिपके, ज्यांना ‘काळे शेवाळ’ म्हणतात, ते वास्तवात सायनोबॅक्टेरिया, म्हणजे नील-हरित जिवाणू असतात. त्यांच्यावर संरक्षक थर असतो आणि ते सिमेंटच्या छिद्रांत घट्ट धरून बसतात. सिमेंटच्या तलावात तारेच्या ब्रशने ठिपक्यांचा माथा खरवडून मग क्लोरीन टिकवावे लागते. फायबरच्या किंवा प्लास्टिक अस्तराच्या तलावात मात्र नायलॉनचाच ब्रश वापरावा.

काम संपले हे केव्हा म्हणावे

पाणी निळे दिसणे हा काम संपल्याचा पुरावा नव्हे. पाणी एकाच वेळी तीन कसोट्यांना उतरले पाहिजे. पहिली, सर्वात खोल जागी तळाची जाळी किंवा टाकलेले नाणे काठावरून स्पष्ट दिसावे. दुसरी, संयुक्त क्लोरीन ०.५ पीपीएमपेक्षा अधिक नसावे. तिसरी आणि निर्णायक कसोटी रात्रीच्या घटीची: सूर्यास्तानंतर मुक्त क्लोरीन मोजावे, रात्रभर काहीही टाकू नये आणि सूर्योदयापूर्वी पुन्हा मोजावे. अंधारात ऊन क्लोरीन खात नाही, त्यामुळे रात्रीची घट १ पीपीएमपेक्षा अधिक असेल तर पाण्यात अजून काहीतरी जिवंत किंवा कुजके उरले आहे असा निष्कर्ष निघतो आणि उपचार चालू ठेवावा लागतो. घट १ पीपीएमच्या आत आली की क्लोरीन आपोआप नेहमीच्या पातळीवर उतरू द्यावे, सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असल्याची खात्री करावी आणि मगच तलाव पोहण्यास खुला करावा. तलावातील पाणी बाहेर सोडायचे झाल्यास ते प्रथम क्लोरीनमुक्त होऊ द्यावे आणि विहीर, ओढा किंवा शेजाऱ्याच्या बागेकडे वळवू नये.

पुढच्या पावसाळ्याआधी

शेवाळ परत येऊ न देण्याचा खर्च ते काढण्याच्या खर्चाच्या मानाने किरकोळ असतो. स्वच्छ झालेल्या तलावात स्थिरक ३० ते ५० पीपीएम आणि मुक्त क्लोरीन २ ते ४ पीपीएम ठेवले आणि पंप दररोज सर्व पाणी निदान एकदा गाळणीतून जाईल इतका वेळ चालवला, तर शेवाळाला सहसा वाव मिळत नाही; तासाला ८ घनमीटर पाणी ढकलणाऱ्या पंपाला उदाहरणातील तलावासाठी सुमारे सहा तास लागतात. मुसळधार पावसात तलाव भरून वाहतो तेव्हा पाण्याबरोबर क्लोरीन, क्षारता आणि स्थिरक हे तिन्ही वाहून जातात, म्हणून जूनमध्ये तलावाला कुलूप लावण्याऐवजी पंप रोज थोडा वेळ चालू ठेवण्याची आणि आठवड्यातून दोनदा क्लोरीन मोजण्याची व्यवस्था करावी. पाणी निचऱ्याच्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात, बागेचे पाणी तलावात येणार नाही असा उतार काढावा आणि ताणून बसवलेले आच्छादन टाकावे.

देखभाल करणाऱ्याच्या हाती एक साधी वही द्यावी, ज्यात तारीख, सामू, मुक्त क्लोरीन, दाबमापकाचा आकडा आणि टाकलेल्या रसायनाची मात्रा एवढ्याच नोंदी असतील. मुक्त क्लोरीनचा आकडा सलग दोन नोंदींत घसरलेला दिसला, की पाण्याचा रंग बदलण्यापूर्वीच शेवाळाची चाहूल लागते, आणि त्या दिवशी टाकलेले अर्धा लिटर क्लोरीन पुढच्या दिवाळीतील पंधरा दिवसांची मेहनत वाचवते.